आईबाबांसाठी अमेरिकेत केअरगिव्हर ठेवताय? आधी बॅकग्राउंड चेकचं नीट बघा

"आमच्या सगळ्या केअरगिव्हर बॅकग्राउंड चेक्ड आहेत", म्हणजे कुणावर गुन्ह्याची नोंद आहे का ते तपासलंय, असं एजन्सी फोनवर सांगते आणि आपण निवांत होतो. मीपण झाले होते. सासूबाईंसाठी बाई ठेवताना सहज रिपोर्ट मागितला तर तपासलेली काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एकच, आमची, आणि त्या बाई तर जेमतेम आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या स्टेटमधून आलेल्या! बाई चांगल्या निघाल्या, पण तो कागद असून नसल्यासारखा होता.

होम केअरसाठी अख्ख्या देशाला लागू होईल असा एकच नियम नाहीये, ज्या त्या स्टेटचा कायदा वेगळा. कुठे बोटांचे ठसे घेऊन स्टेट आणि एफबीआय दोन्हीकडे तपासतात, कुठे नुसत्या नावावरून शोधतात, आणि नावावरून शोधताना लग्नाआधीचं आडनाव राहिलं की रेकॉर्ड सुटतं, नाहीतर सारख्या नावाच्या भलत्याच माणसाचा गुन्हा हिच्या नावावर येतो. म्हणून एजन्सीला सरळ विचारा, ठसे घेतले की नाव टाकलं, कुठल्या कुठल्या स्टेटमधे, आणि कधी.

दोन गोष्टी घरबसल्या फुकट होतात. कॅलिफोर्नियात असाल तर होम केअर एडची, म्हणजे घरी येऊन सांभाळणाऱ्यांची, सरकारी रजिस्ट्री ऑनलाइन आहे. आणि केंद्राच्या आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलची एक्सक्लूजन लिस्ट तर कुठूनही बघता येते. पेशंटचा छळ किंवा हेळसांड केल्याबद्दल शिक्षा झालेला माणूस त्यात किमान ५ वर्षं असतो, त्याच्या कामाचे पैसे मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना देत नाहीत. नाव जुळलं म्हणून लगेच घाबरू नका, सोशल सिक्युरिटी नंबर टाकून खात्री करता येते.

एजन्सी नको, स्वतःच ठेवायचीय आणि चेक एखाद्या कंपनीकडून करून घेताय, तर १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट तुम्हालाही लागू होतो (नावात क्रेडिट असलं तरी असे बॅकग्राउंड रिपोर्टही त्यात येतात). आधी वेगळ्या कागदावर लेखी संमती घ्यायची. रिपोर्ट बघून नाही म्हणायचं असेल तर त्याआधी रिपोर्टची कॉपी आणि तिच्या हक्कांचा कागद तिला द्यायचा आणि चूक दाखवायला वेळ द्यायचा. हे प्लीज मनापासून करा, रिपोर्टमधे चुका खरंच असतात आणि तिचं पोट त्या कागदावर असतं.

रिपोर्टमधे काही निघालंच तर अटक आणि शिक्षा यात गल्लत करू नका, अटक म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. शिक्षा असेल तर कशाची, किती जुनी, आणि आपल्या कामाशी संबंध काय हे बघा. दारू पिऊन गाडी चालवल्याची पंधरा वर्षं जुनी केस असेल तर आंघोळ घालायच्या कामाला काय फरक पडतो, पण बाबांना डॉक्टरकडे गाडीतून तीच नेणार असेल तर बोलायलाच हवं. (काही गुन्ह्यांवर स्टेटची सरळ बंदी असते, तिथे एजन्सीच्या हातातही काही नसतं.)

आणि जे पोलिसात गेलंच नाही ते कुठल्याच चेकमधे येत नाही, म्हणून आधीच्या दोन घरी स्वतः फोन करा आणि एवढंच विचारा, "परत गरज पडली तर यांनाच बोलवाल का?"