वाचनालयातल्या संगणकावर फिल्टर लावताय? या चुका टाळा

सोलापुरातल्या वाचनालयांचे संगणक मी बघतो. बालविभागात इंटरनेट आलं की कमिटीचं एकच म्हणणं, 'सर, सगळं घाणेरडं बंद करून टाका, पाच मिनिटांत होईल ना?' पाच मिनिटांत जे होतं, तेच निस्तरायला मला पुन्हा बोलावतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे शब्दांवरून बंदी. फुकटचं सॉफ्टवेअर टाकायचं, यादीत इंग्रजी 'सेक्स' घालायचा आणि घरी जायचं. पूर्व भागातल्या एका वाचनालयात हेच केलेलं. दहावीची एक मुलगी विज्ञान भाग २ मधलं प्रजनन शोधत होती. 'असेक्शुअल रिप्रॉडक्शन' टाइप केलं की लाल पाटी. अमिबाचं द्विविभाजनही अश्लील! इंग्लंडचा ससेक्सही बंद. शेजारच्या मशीनवर दोन पोरं मात्र देवनागरीत टाइप करून हवं ते बघत होती. यादीत मराठी शब्द एकही नव्हता, आणि ज्या भागात घराघरांत तेलुगू बोलतात तिथे तेलुगूचा तर विचारच नाही. मुलगी तक्रार करायला गेली नाही. लाल पाटीवर तोच शब्द मोठ्या अक्षरांत, ती ग्रंथपालांना कशी दाखवणार? ती यादी मी अख्खी पुसली. आता साइटच्या प्रकारावरून अडवणारा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) लावतो आणि काउंटरवर एक डबा ठेवायला सांगतो: चुकून बंद झालेल्या साइटचं नाव चिठ्ठीवर लिहा, स्वतःचं नको.

डीएनएस लावतानाही लोक अर्धवट काम करतात. राउटरमध्ये डीएनएसच्या पहिल्या रकान्यात क्लाउडफ्लेअर कंपनीचा, अश्लील साइट अडवणारा १.१.१.३, दुसऱ्यात गूगलचा ८.८.८.८ तसाच. का, तर 'एक बंद पडला तर दुसरा असावा'. अहो, दुसरा काहीच अडवत नाही, आणि संगणक कधी कुणाला विचारेल याचा भरवसा नाही. मग तीच साइट सकाळी बंद, दुपारी चालू, आणि खापर माझ्यावर. दुसऱ्या रकान्यात क्लाउडफ्लेअरचाच, तेच अडवणारा १.०.०.३ टाका. १.१.१.२ नको, तो फक्त मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर अडवतो. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचे पत्ते वेगळे भरावे लागतात, हे शंभरातले नव्वद जण विसरतात.

डीएनएसला फक्त साइटचं नाव दिसतं, आतलं पान नाही. म्हणून अश्लील निकाल लपवणारा गूगलचा सेफसर्च आणि तसेच व्हिडिओ लपवणारा यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड वेगळा लॉक करा.

मुलांना विंडोजचं ॲडमिन खातं देऊ नका, त्यातून सगळ्या सेटिंग बदलता येतात. क्रोममधला 'सिक्युअर डीएनएस' (ब्राउझरपुरता वेगळा डीएनएस निवडायची सोय) पॉलिसीतून, म्हणजे मुलांना बदलता न येणाऱ्या ॲडमिनच्या नियमातून बंद करा, नाहीतर सातवीतलं पोरगंही तिथे दुसरी कंपनी निवडून तुमचा राउटर बाजूला सारतं.

राउटरचा पासवर्ड 'ॲडमिन' ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

एमपीएससीच्या अभ्यासिकेला आणि बालविभागाला एकच फिल्टर लावणं हा शुद्ध आळस. अमेरिकेत २००० साली केंद्राचं ठरावीक अनुदान घेणाऱ्या वाचनालयांना फिल्टर सक्तीचा झाला. २००३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा टिकवला, पण मोठ्या वाचकाने सांगितल्यावर फिल्टर काढून देता येतो हे धरूनच. आपल्याकडे मोठ्यांसाठी वेगळं नेटवर्क करायला एक जुना राउटर पुरतो.

आणि मॉनिटरची तोंडं काउंटरकडे फिरवा. त्याला एक पैसा लागत नाही, तरी सगळ्यात जास्त कुरकुर यावरच होते. टेबलं हलवायला नकोत ना!