थंडीतली मत्स्यटाकी: ऊब पॉलिहाऊसची, हवा सोलरची

नाशिक, अहिल्यानगर, जळगाव पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीची पहाट मासळीला सर्वांत जड जाते. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा 5 अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. घरामागच्या छोट्या पॉलिहाऊसमध्ये टाकी करून तिलापिया किंवा पंगास वाढवत असाल, तर तयारीला आताच लागा. पाणी 20 अंशांखाली गेलं की तिलापियाची भूक मंदावते, 16 च्या आसपास खाणं जवळपास थांबतं आणि 10-12 अंशांना मरतूक सुरू होते.

सोलर आहे म्हणून पाण्यात हीटर सोडू नका. 5,000 लिटर पाणी फक्त 1 अंशाने तापवायला जवळपास 6 युनिट वीज लागते. 1 किलोवॅटचे पॅनेल हिवाळ्यात दिवसाला साधारण 4 युनिटच देतं. ऊब पॉलिहाऊसमध्येच साठवायची. बाजूचे पडदे सकाळी दहा-साडेदहाला उघडा आणि ऊन असतानाच, चारच्या आत खाली सोडा. अंधार पडल्यावर पडदे लावून काही हाती लागत नाही. रात्री टाकीच्या तोंडावर जुनं प्लॅस्टिक टाका, पण एका कडेने फट ठेवा. टाकीच्या भिंतींना बाहेरून भुसा भरलेली पोती लावली तरी फरक पडतो. बोअरचं पाणी या दिवसांत टाकीपेक्षा कोमट असतं, तेच भरायला वापरा; मात्र त्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून उंचावरून फवाऱ्यासारखं पडू द्या.

सोलरचं खरं काम एअर पंप चालवण्याचं, आणि इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. पॅनेल मोठं घेतात, बॅटरी लहान. मासळीला हवेची गरज रात्री जास्त, त्यातही पहाटे तीन ते सहा. 5,000 लिटरमध्ये 50-60 किलो मासळी असेल, तर पंप बंद पडल्यावर तासा-दीड तासात ती पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागते. 40 वॅटचा पंप संध्याकाळी पाच ते सकाळी आठ चालला की 600 वॅट-अवर लागतात. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उतरवायची नाही, म्हणून 12 व्होल्ट 150 अँपियर-अवरची घ्या. पॅनेल 330 ते 400 वॅटचं पुरेल. पंप डीसीच, म्हणजे बॅटरीवर थेट चालणारा घ्या, इन्व्हर्टरमध्ये वीज वाया जात नाही. तो पॉलिहाऊसच्या आत, पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवा. बाहेर ठेवलात तर रात्रभर गार हवा पाण्यात सोडून पाणी आणखी थंड करतो.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, हिवाळ्यापुरतं 30-35 अंश कलतं ठेवा. ते पॉलिहाऊसच्या दक्षिणेला उभं केलंत तर आतल्या पिकावर सावली पडेल; घराचं किंवा गोठ्याचं छप्पर बरं. दव आणि धूळ मिळून काचेवर चिखलासारखा थर धरतो, तो आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसा.

खाद्य सकाळी लवकर टाकू नका. अकरा ते तीनच्या दरम्यान, पाणी तापल्यावर द्या. 22 अंशांखाली नेहमीच्या निम्मं, 18 अंशांखाली बंद. थंडीत फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही मंदावतात, त्यामुळे उरलेलं खाद्य कुजून अमोनिया झपाट्याने वाढतो. तळातलं गाळाचं पाणी रोज थोडं काढून पालेभाजीला द्या. सलग ढगाळ दिवस आले तर खाद्य पूर्ण थांबवा. उपाशी मासळीला ऑक्सिजनही कमी लागतो.

सर्वांत कळकळीची सूचना फवारणीबद्दल. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं मासळीला अगदी थोड्या मात्रेतही मारतात. पॉलिहाऊसमध्ये ती वापरूच नका. शेजारी द्राक्षबाग असेल तर फवारणीच्या वेळा आधी विचारून घ्या, तेवढा वेळ त्या बाजूचे पडदे खाली ठेवा आणि टाकी झाका. फवारणीच्या पंपाच्या बादल्या, नळ्या टाकीच्या पाण्याला लावू नका.

नवीन बीज सोडायचं असेल तर तिलापिया-पंगासची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आता आणू नका; सायप्रिनस (कॉमन कार्प) थंडी सोसतो. तिलापियासाठी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, आणि थाई मागूरवर बंदी आहे, तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. रथसप्तमीनंतर सकाळचं पाणी सलग आठवडाभर 22 अंशांवर राहिलं, की खाद्य दर तीन-चार दिवसांनी थोडं थोडं वाढवा.