परदेशातून मासेमारीचे रीळ मागवताना विनिमय दराचा हिशेब कसा मांडावा

नागपुरात रोहूसाठी कणकेची गोळी लावून बसणाऱ्याला परकीय चलनाशी काही कर्तव्य नसते, कारण त्याला लागणारा गळ आणि दोरी इथल्या बाजारात सहज मिळते. मरळीसाठी रबरी बेडकाचे नकली आमिष फेकायचे म्हटले, की मात्र दोरी गुंडाळणाऱ्या हलक्या, मजबूत रिळाचा शोध सुरू होतो आणि नजर जपानकडे वळते, कारण रीळ बनवणाऱ्या शिमानो आणि दाइवा या दोन्ही कंपन्या तिथल्याच आहेत. अशा वेळी अनेक जण मोबाइलवर डॉलरचा भाव पाहतात आणि हिशेब तिथेच चुकतो.

प्रथम पाहायचे ते हे, की दुकानदाराने किंमत कोणत्या चलनात लावली आहे. जानेवारी 2022 मध्ये डॉलर सुमारे ₹74.50 ला होता आणि 100 येनला सुमारे ₹65 पडत होते. जुलै 2024 च्या सुरुवातीस डॉलर ₹83 च्या पुढे गेला होता, पण 100 येन ₹52 च्या आसपास मिळत होते. डॉलर महागला म्हणून ज्यांनी खरेदी लांबणीवर टाकली, त्यांच्यासाठी जपानी दुकानातला माल त्याच काळात स्वस्त झाला होता. तेच रीळ अमेरिकी दुकानात डॉलरमध्ये घेणाऱ्याला हा लाभ आपोआप मिळत नाही, म्हणून दोन्हीकडची किंमत रुपयांत मांडून पाहावी. जपानमधील छापील किमतीत बहुधा 10 टक्के उपभोग कर धरलेला असतो. परदेशी पाठवणीवर तो लागत नसल्यामुळे 22,000 येनचे रीळ 20,000 येनला मिळू शकते. दुकानदार तो वजा करतो का, हे आधी विचारून घ्यावे.

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. रीळ 20,000 येन, पाठवणी 3,000 येन आणि एका येनचा दर 58 पैसे धरला, तर मूळ रक्कम ₹13,340 होते. अनेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनासाठी 3.5 टक्के अधिभार आणि त्या अधिभारावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी ₹551. पुढे सीमाशुल्क येते. ते केवळ रिळाच्या किमतीवर नव्हे, तर पाठवणी आणि विमा धरून झालेल्या मूल्यावर आकारले जाते, आणि आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, त्या शुल्कासह झालेल्या रकमेवर लागतो. शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलत असल्याने ते मागणीच्या दिवशीच तपासावेत. इथे केवळ उदाहरणादाखल एकूण बोजा 30 टक्के धरतो. त्यासाठी येनचा भाव सीमाशुल्क विभाग जाहीर करतो, आणि माल पोहोचल्यावर आयातपत्र दाखल होते त्या दिवशी लागू असलेला दर धरला जातो. तो 59 पैसे असेल, तर शुल्क ₹4,071 होते. अशा रीतीने एकाच रिळावर दोन वेगवेगळ्या दिवसांचे दोन दर लागतात, आणि ₹13,340 चे रीळ ₹17,962 ला पडते. आपल्या वतीने शुल्क भरण्याबद्दल कुरियर कंपनी जे आकार घेते, ते याहून वेगळे.

या उदाहरणात दोन्ही ठिकाणी येन एका पैशाने महागला, तर आपला खर्च सुमारे ₹308 ने वाढतो, कारण दराचा फरक कार्डाच्या अधिभारावर आणि शुल्कावरही चढत जातो. पण याची दुसरी बाजू अधिक उपयोगाची आहे. कार्डाचे ₹551 वाचवायला येन जवळजवळ दोन पैशांनी उतरावा लागतो, आणि तो कधी उतरेल हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून भाव उतरण्याची वाट पाहत महिना घालवण्यापेक्षा कमी अधिभाराचे कार्ड शोधणे मला शहाणपणाचे वाटते. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून ठेवावेत.

पैसे भरताना ‘रुपयांत भरा’ असा पर्याय दिसला, तर तो सहसा टाळावा. त्यात रूपांतराचा दर विक्रेत्याच्या बाजूने ठरतो आणि त्यातच त्याचा नफा मिसळलेला असतो. परताव्याचीही अशीच गंमत आहे. माल संपल्यामुळे माझी एक मागणी रद्द झाली, तेव्हा येन पूर्ण परत आले. पण मधल्या दिवसांत येन उतरलेला असल्याने रुपये कमी आले आणि अधिभार तर परत आलाच नाही. तेव्हापासून दुकानात माल शिल्लक असल्याची लेखी खात्री झाल्याशिवाय मी कार्ड वापरत नाही.

रॉडचे, म्हणजे रीळ बसवायच्या काठीचे, गणित निराळे आहे. दीडशे ग्रॅमचा रॉड 125 सेंटिमीटर लांब आणि 10 सेंटिमीटर रुंद-उंच खोक्यात भरला, की लांबी, रुंदी आणि उंचीच्या गुणाकाराला 5,000 ने भागण्याच्या कुरियरच्या रीतीने त्याचे वजन अडीच किलो धरले जाते. ते भाडेही येनमध्येच असते आणि त्यावर पुन्हा शुल्क चढते. त्यामुळे मी रीळ तेवढे जपानहून मागवतो. रॉड मात्र इथेच, हातात धरून, वाकवून पाहून घेतो.