अपघात दाव्यात तडजोड झाली? पैसे हातात येईपर्यंत या चुका टाळा

लोकअदालतीत तडजोडीवर सही झाली की लोक घरी जाऊन मोबाइलवर बँकेचा मेसेज बघत बसतात. पैसे इतक्या लवकर येत नाहीत. निवाड्याची प्रत विमा कंपनीत जाते, तिथे मंजुरी होते आणि मग रक्कम मोटार अपघात दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात किंवा आदेशाप्रमाणे थेट खात्यात जमा होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 168 नुसार भरणा 30 दिवसांत व्हायला हवा. तरीही तडजोडीच्या पुरसीसमध्ये (दोन्ही बाजूंनी सही करून दिलेल्या लेखी निवेदनात) मुदत आणि ती चुकल्यास किती टक्के व्याज, हे लिहूनच घ्यावं. 'लवकरात लवकर' या शब्दांना काडीची किंमत नाही. मुदत उलटली तर दरखास्त (निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करा, किंवा कलम 174 खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुलीचा दाखला मागा.

सगळ्यात महाग पडते ती उपचार संपण्याआधी केलेली तडजोड. मांडीचं हाड मोडलेला, आत रॉड आणि स्क्रू घातलेला माणूस घ्या. काठी सुटली, कामावर जाऊ लागला, म्हणून आकडा मान्य केला. वर्षभराने एक्स-रेत दिसतं की हाड जुळलेलंच नाही. रॉड बदला, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे भरा, पुन्हा सहा महिने घरी. बिलांची पिशवी घेऊन तो न्यायाधिकरणात येतो, पण त्याच्या पुरसीसवर 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेलं असतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 21 प्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. फसवणुकीसारखं कारण असेल तरच उच्च न्यायालयात रिट याचिका. म्हणून सहीच्या आधी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून तीन ओळी लेखी घ्या: हाड जुळलं का, रॉड काढायचा का, त्याला अंदाजे किती खर्च. 'पुढच्या तारखेची वाट कोण बघणार' म्हणणाऱ्यांनीही हा कागद घ्यावा. तो मिळवायला एक दिवस पुरतो.

दुसरी चूक क्षुल्लक वाटते, पण महिनोन्‌महिने पैसे अडकवते: बँक खातं. निवाड्यात 'शोभा', पासबुकावर 'शोभाबाई', आधारवर माहेरचं आडनाव. रक्कम परत जाते, मग दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, नवी तारीख. त्याहून फसवं म्हणजे अर्धवट केवायसीवर उघडलेलं 'छोटं खातं'. त्यात वर्षाला एकूण 1 लाखच जमा होऊ शकतात आणि शिल्लक 50 हजारांच्या वर ठेवता येत नाही. तिथे पाच लाख कसे उतरणार? तडजोडीच्या आधीच शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करा, खातं निष्क्रिय नाही ना ते पाहा, आणि पासबुकाचं पहिलं पान व रद्द केलेला धनादेश दाव्याच्या कागदांत जोडा. नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा.

खातं स्वतःचंच द्या. पुतण्याचं नको, वकिलाचं तर नकोच. कोऱ्या धनादेशावर किंवा पैसे काढण्याच्या स्लिपवर सही करून कुणाच्या हाती देऊ नका.

'मिळेल त्यातले इतके टक्के' असा वकिलाशी फीचा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी आधी ठरवा, पावती घ्या.

अज्ञान (अल्पवयीन) मुलांचा वाटा बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो, आणि 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. यावर चिडून उपयोग नाही. फी किंवा दवाखान्यासाठी पैसे हवे असतील तर शाळेचं पत्र, बिल, अंदाजपत्रक जोडून अर्ज करा. 'घरखर्चासाठी' एवढंच लिहिलेला अर्ज फेटाळला जाणं साहजिक आहे. व्याज दरमहा बचत खात्यात हवं असेल तर तसं आदेशातच मागा. ठेवीची मुदत संपल्याची तारीखही भिंतीवर लिहून ठेवा: नूतनीकरण न होता पडून राहिलेल्या ठेवीवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा जुना दर, यांतला कमी असेल तोच मिळतो.