पावसाळ्यात झडपेला रंधा लावू नका: खिडकी दुरुस्तीत नव्याने येणाऱ्यांसाठी

खिडकी दुरुस्तीचं काम शिकायचंय म्हणून पोरं विचारायला येतात. कोणी आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड केलेला असतो, कोणी स्लायडिंग खिडक्यांच्या दुकानात वर्ष-दोन वर्षं हाताखाली काढलेली असतात. बिजागरी कशी बसवायची, तावदान कसं काढायचं, टॉवर बोल्ट कुठे येतो हे त्यांना येतं. तुम्हालाही येत असेल, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मला सांगायचंय ते लाकडी झडपेबद्दल. तिने मला असं धरलं होतं की आजही ऑगस्टमध्ये कोणी 'खिडकी लागत नाही' म्हणून फोन केला की पोटात खड्डा पडतो.

माझं पहिलं स्वतंत्र काम अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात होतं. धाब्याचं जुनं घर, जाडजूड मातीच्या भिंती, सागाच्या चौकटी आणि फळ्या जोडून केलेल्या झडपा. नऊ खिडक्या म्हणजे अठरा झडपा. श्रावण चालू होता आणि आठ दिवस झड लागलेली. घरच्या काकू म्हणाल्या, "दादा, एक बी खिडकी लागत नही. रातले डास येतस." मी एकेक झडप ढकलून पाहिली. सगळ्या चौकटीला घट्ट अडकत होत्या. जास्त विचार केला नाही. विजेवर चालणारा रंधा नवीनच घेतला होता. झडपा उतरवल्या, कडा घासल्या, परत टांगल्या. दोन दिवसांत अठराच्या अठरा झडपा बोटाने ढकलल्या तरी लागायला लागल्या. काकूंनी ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त दिले, वर भरीत-भाकरी खाऊ घातली. आपल्याला धंदा जमला असं वाटत मी घरी आलो.

पुढच्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी त्याच घरून फोन आला. गेलो तेव्हा बाहेर झळा होत्या आणि दुपारपासून वावटळी उठत होत्या. सासरहून आलेल्या लेकी झोक्याचे दोर बांधायचे सोडून खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबत बसल्या होत्या. प्रत्येक जोडीच्या मध्ये पेन्सिल आरपार जाईल एवढी फट पडली होती. धान्यावर, अंथरुणावर, पापड वाळत घातलेल्या साडीवर, सगळीकडे मातीचा थर होता. काकू एक शब्द रागाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ज्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं काढली होती त्या मिस्त्रींकडे, आप्पांकडे, त्याच संध्याकाळी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "लाकूड पावसायामा पानी पेस, उन्हायामा सोडस. तू पानी घासी टाकं." दोन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्याचं वाईट मला अजून वाटतं. आप्पांच्या हातात कला होती, पण 'बघून शीक' यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही, आणि लाकडाच्या आत काय चालतं ते बघून दिसत नाही. म्हणून माझं पक्कं मत आहे: वस्ताद निवडताना त्याचं नवं काम बघू नका. तक्रारीच्या कामाला तो तुम्हाला सोबत नेतो का, ते बघा. जो आपली चूक दुरुस्त करताना पोराला शेजारी उभं करतो, त्याच्याकडे कमी पैशांत राहिलात तरी चालेल.

आता हे नीट समजून घ्या. चार वेळा सांगितलं तरी मला जास्त वाटणार नाही.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. झाड कापून पन्नास वर्षं झाली असली तरी हे थांबत नाही. लांबीत, म्हणजे रेषा जातात त्या दिशेने, ते जवळजवळ हलत नाही. फुगतं आणि आकसतं ते रुंदीत. म्हणून झडपेची उंची वर्षभर तीच राहते आणि रुंदी बदलते. सगळ्या फळ्या उभ्या जोडलेली झडप असेल तर पूर्ण रुंदीच लाकडाच्या आडव्या अंगात येते, त्यामुळे ती सगळ्यात जास्त हलते. चौकटीत काच बसवलेली झडप कमी हलते, कारण तिथे उभ्या पट्ट्यांचीच रुंदी काय ती बदलते.

त्यात आपला मुलूख बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचं धोतर अर्ध्या तासात वाळतं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत झड लागते आणि दारंसुद्धा कण्हायला लागतात. कोरड्या आणि ओल्या दिवसांतलं अंतर एवढं मोठं असल्यावर लाकडाची हालचालही तेवढीच मोठी होते. अठरा इंच रुंदीची फळ्यांची झडप दोन ऋतूंमध्ये दोन सूत, म्हणजे पाव इंच, सहज कमी-जास्त होते. मी श्रावणात प्रत्येक कडेवरून जे घासलं ते फुगलेलं लाकूड होतं. उन्हाळ्यात झडप मुळातच आकसणार होती, आणि त्यात मी घासलेलं आणखी कमी झालं. घासलेलं परत येत नाही.

मग पावसाळ्यात गिऱ्हाईक बोलावतं तेव्हा काय करायचं? आधी खडू घ्या. झडपेच्या कडेला सगळीकडे खडू फासा, झडप दाबून लावा, परत उघडा. जिथे घासतं तिथला खडू पुसला जातो आणि चौकटीवर उमटतो. कडेच्या पूर्ण उंचीवर सारखा पुसला असेल तर झडप फुगली आहे. मोकळ्या बाजूचा फक्त वरचा कोपरा चौकटीला आणि खालचा कोपरा उंबऱ्याला घासत असेल, आणि वरच्या बिजागरीपाशी फट दिसत असेल, तर झडप फुगलेली नाही, लोंबली आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत. त्यावर रंध्याचं काहीच काम नाही. स्क्रू काढा, भोकात बांबूच्या बारीक खपल्या फेविकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, सकाळी जादा आलेलं कापून नवा स्क्रू आधीपेक्षा अर्धा इंच लांब घाला. 'लागत नाही' म्हणून आलेल्या खिडक्यांमध्ये अशा लोंबलेल्या मला फार सापडल्या. रंधा आधी हातात आला की त्या कधीच सापडत नाहीत.

खरंच फुगली असेल तर गिऱ्हाइकाला सरळ सांगा: आत्ता घासत नाही, माघ-फाल्गुनात येतो. फारच अडत असेल तर जिथे सगळ्यात जास्त दाबतंय तेवढाच भाग हातरंध्याने दोन-तीन हात फिरवून मोकळा करा. विजेचा रंधा सुरुवातीची दोन वर्षं घेऊच नका, माझं ऐका. तो एका फटक्यात जेवढं खातो तेवढं हातरंधा दहा फटक्यांत खातो, आणि त्या दहा फटक्यांमध्ये तुम्हाला थांबायची संधी मिळते.

फाल्गुनात ऊन तापायला लागून लाकूड वाळलेलं असताना झडप उतरवा आणि दोन झडपांच्या मध्ये रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकतील एवढी फट राहील असं घासा. फळ्यांची रुंद झडप असेल तर फट आणखी जास्त धरा. मग त्याच दिवशी चारही कडांना प्रायमर आणि तो वाळल्यावर, प्रत्येक हात वाळू देत, ऑइलपेंटचे दोन हात. चारही म्हणजे चारही. खालची कड कोणी रंगवत नाही, कारण झडप टांगलेली असताना तिथे ब्रश पोहोचत नाही. पण फळीचं टोक, जिथे रेषा कापल्या जातात, तिथूनच लाकूड सगळ्यात भरभर पाणी ओढतं. पावसाचं पाणी ओघळून जमतंही तिथेच. म्हणून खालची कड कुजते, वाळवीही तिथूनच चढते. झडप उतरवलेलीच आहे तर पाच मिनिटं जास्त द्या.

त्या अठरा झडपांना मी वाळलेल्या सागाच्या पट्ट्या चिकटवल्या, घासून मापात आणल्या, रंगवल्या. लाकूड माझ्या पैशाचं, चार दिवस मजुरी नाही. आज त्या घरच्या खिडक्या नीट लागतात. हे यासाठी सांगतोय की तुमच्याकडून हे आधीच झालं असेल तर घाबरून फोन उचलणं बंद करू नका. पट्टी चिकटवता येते. गाव लहान असतं, पण परत आलेल्या मिस्त्रीला लोक ओळख देतात.

बाकीचं थोडक्यात सांगतो.

काच बदलताना खाचेपासून खाचेपर्यंत माप घ्या. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, आणि दोन्ही कर्ण. सगळ्यात लहान माप धरा आणि त्यातून एक सूत कमी करा. जुनी चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेल असं कधीच धरू नका. काच घट्ट बसवली तर उन्हाने तापल्यावर तडकते आणि दोष काचेला दिला जातो. इंचाला आठ सूत, पण काचेच्या दुकानात एकजण सुतात बोलतो आणि दुसरा मिलिमीटरमध्ये, म्हणून कागदावर एकक लिहूनच द्या. काच नेताना उभीच धरा, आडवी धरली की स्वतःच्या वजनाने मोडते. हातमोजे घाला. माझ्या तळहातावर टाके आहेत, म्हणून सांगतोय.

पुट्टी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल. कोरड्या लाकडावर ती थेट भरली तर लाकूड तेल पिऊन टाकतं आणि वर्षभरात पुट्टी भेगा पडून खाली पडते. खाचेला आधी तेलाचा किंवा प्रायमरचा एक हात द्या. पुट्टी भरल्यावर लगेच रंगवू नका, वर साय धरेपर्यंत थांबा, आठवडा तरी लागतो.

स्लायडिंगचं काम आता सगळ्यात जास्त मिळतं, आणि तिथे आमच्याकडचा दोष एकच, धूळ. ट्रॅकमध्ये माती साचते, बेअरिंग फिरायचं थांबतं आणि घसटत चालतं. लोक त्यात खोबरेल तेल नाहीतर ग्रीस ओततात. तेलाने दोन दिवस बरं चालतं, मग तीच धूळ चिकटून काळा लगदा होतो. आधी ब्रशने आणि ओल्या फडक्याने ट्रॅक पूर्ण साफ करा, वाळल्यावर मेणबत्ती घासा. तरी जड चाललं तर झडप वर उचलून खालचा भाग आत घेत काढा आणि बेअरिंग बदला. पहिल्या मजल्यावर किंवा त्याच्या वर असाल तर काढण्याआधी झडपेला दोरी बांधा. खाली माणूस असो नसो, बांधा.

'पाऊस आला की खिडकीतून पाणी आत येतं' ही तक्रार आली की सिलिकॉनची नळी काढायच्या आधी ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूची बारीक भोकं शोधा. ट्रॅकमध्ये पडलेलं पाणी त्यातून बाहेर जायचं असतं. ती मातीने बुजतात, आणि कित्येकदा आधीच्या मिस्त्रीने 'पाणी इथूनच येतंय' म्हणून वरून सिलिकॉन मारून बुजवलेली असतात. एका घरी मी तीन पावसाळ्यांची ओल अशी एका तारेने थांबवली. तार भोकात घातली, लगदा निघाला, पेलाभर पाणी टाकून दाखवलं, बाहेर गेलं. अशा कामाचे पैसे घ्यायला लाजू नका. तुम्ही तारेचे पैसे घेत नाही.

भिंत आणि चौकटीतली फट खरोखर उघडी असेल तरच सिलिकॉन. शिर्क्यासारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटच्या प्लास्टरला नीट धरत नाही, त्यामुळे न्यूट्रल मागून घ्या. फट रुंद असेल तर आधी आत फोमची दोरी दाबा. जागा कोरडी आणि धूळ पुसलेली हवी, नाहीतर पहिल्याच पावसात पट्टी सालासारखी निघते. सिलिकॉनवर रंग बसत नाही, हे घरमालकाला आधी सांगा. आणि खिडकीच्या खालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे का ते लेव्हल ठेवून बघा. उतार आत असेल तर कितीही सिलिकॉन भरा, पाणी येणारच. तिथे गवंड्यालाच बोलवावं लागतं, ते काम स्वतःच्या अंगावर घेऊ नका.

मच्छरजाळी बसवताना एकच लक्षात ठेवा: जाळी फार ताणू नका. रबर दाबताना चारही पट्ट्या आत खेचल्या जातात, आणि मग मधोमध बारीक झालेल्या चौकटीच्या बाजूला फट राहते.

हे सगळं वाचून पहिल्याच कामाला हात थरथरतील. थरथरू द्या, साधी बिजागरी आणि बेअरिंगची कामं घेत पहिला पावसाळा काढा, त्यात पोट भरतं. आणि एक वही ठेवा. श्रावणात कोणी फुगलेल्या झडपेसाठी बोलावलं की खडू लावा, फोटो काढा, वहीत गाव, खिडकी, किती सूत अडकते ते लिहा आणि पुढे 'फाल्गुन' लिहून ठेवा. फाल्गुन लागला की त्यांच्या फोनची वाट न बघता तुम्हीच जा. माझ्या वहीत या वर्षी अशी अकरा घरं आहेत, त्यातलं पहिलं नाव त्या काकूंच्या बहिणीचं आहे.