एपिस्कोपल पॅरिशमध्ये नवागताला सामावून घेताना
अमेरिकेतील एपिस्कोपल पॅरिशमध्ये, म्हणजे अँग्लिकन परंपरेतील एपिस्कोपल चर्चच्या स्थानिक मंडळीत, रविवारच्या उपासनेनंतर सभागृहात कॉफीसाठी जमण्याची प्रथा आहे, आणि नवा माणूस पुन्हा येईल की नाही, हे माझ्या मते बहुतेकदा त्याच अर्ध्या तासात ठरते. म्हणून दोन सभासदांनी दाराशीच थांबावे, नवागताच्या हाती कप देऊन त्याची आणखी कोणाशी तरी ओळख करून द्यावी आणि मगच बाजूला व्हावे. भरलेल्या सभागृहात कप धरून भिंतीशी एकटे उभे राहणे फार जड जाते. राखेच्या बुधवारच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी होणाऱ्या पॅनकेकच्या जेवणाची तयारी महिनाभर आधी सुरू करावी, खर्चाबाबत व्हेस्ट्रीशी, म्हणजे पॅरिशच्या निवडून दिलेल्या कारभारी मंडळाशी, वेळेवर बोलून घ्यावे आणि पीठ कालवण्याचे काम मुद्दाम नव्या मंडळींकडे सोपवावे. आजारी सभासदांच्या घरी जेवण पोहोचवण्याच्या पाळ्याही लिहून ठेवाव्यात.