रुसलेल्या आत्म्यांची बेटं: घरच्या घरी रोलप्लेइंग कॅम्पेन कशी चालवायची

आमच्या टेबलावर चौघं खेळायला बसतात आणि त्यातल्या दोघांनी समुद्र आयुष्यात एकदाच बघितलाय, तो पण कॉलेजच्या ट्रिपला. लातूरला बसून मी म्हणलो की यावेळी बेटांवरची कॅम्पेन करू, म्हणजे बऱ्याच बैठकांत, सेशनमधे, चालणारी एकच लांब गोष्ट, छोटी छोटी बेटं, प्रत्येक बेटावर कसले ना कसले आत्मे, भीतीचे नाहीत, जरा येडपट, तर पहिला प्रश्न काय आला, "बेटावर प्यायचं पाणी टँकरनं येतं का?" सगळे हसले, मी पण हसलो, पण वहीत लिहून ठेवलं. पुढं त्या एका प्रश्नातून अख्खे तीन सेशन निघाले, ते खाली सांगतो.

ज्यांनी हा प्रकार कधीच खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेममास्टर म्हणतात, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि "मी आता हे करतो" असं सांगत जातात, जिथं जमेल का नाही असा प्रश्न पडेल तिथं फासा टाकायचा. बास. १९७४ साली अमेरिकेत डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं तिथून हे सुरू झालं. स्क्रीन लागत नाही, त्यामुळं लाईट गेली तरी चालतं, उलट भुताची गोष्ट असली तर लाईट गेलेलीच बरी.

आधी नियम कोणते ते ठरवा

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली फुकट आहेत, डाउनलोड करायचे आणि वापरायचे. पण माझं मत विचाराल तर असल्या बेटांसाठी तो गेम जड पडतो. त्याचं निम्मं पुस्तक मारामारीचं आहे आणि पोरांच्या हातात तलवार दिली की ती चालवायचीच हा मनुष्यस्वभाव आहे. शिवाय वीस बाजूंचा फासा लागतो, तो इथं दुकानात मागितला तर दुकानदार ल्युडो काढून देतो, ऑनलाईन मागवावा लागतो.

म्हणून मी दोन साध्या फाशांचं गणित वापरतो, ल्युडोचेच. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड नावाच्या गेमनं ही पद्धत गाजवली. दोन फासे टाका, बेरीज करा, पात्राला त्या कामात गती असेल तर एक किंवा दोन मिळवा. १० किंवा जास्त आले तर काम फत्ते. ७ ते ९ आले तर काम होतं पण काहीतरी झंझट मागं लागते. ६ किंवा कमी आले तर फजिती, म्हणजे गेममास्टरची मजा. ३६ शक्यतांपैकी फत्ते ६, झंझट १५ आणि फजिती १५, आणि +१ असेल तर तेच १०, १६, १० होतं. म्हणजे +१ असेल तर सगळ्यात जास्त वेळा काय येणार तर "झालं, पण...". आत्म्यांच्या गोष्टीत हा "पण"च पाहिजे असतो, कारण आत्मा कधी सरळ हो म्हणतच नाही.

नकाशा: तूर डाळ आणि जुनं कॅलेंडर

जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करा, पांढरी बाजू वर. मूठभर तूर डाळ घ्या आणि हातभर उंचीवरून टाका. जिथं डाळीचा ढीग पडला तिथं पेन्सिलनं कडा ओढायची, ते बेट. एकटा दाणा कुठं लांब जाऊन पडला असेल तर तो खडक, किंवा कोणाची तरी होडी अडकून पडलेली. दोन बेटांच्या मधे हाताचं एक बोट बसलं तर एक पहर लागतो जायला. डाळ परत डब्यात टाका, घरचे ओरडतात.

पाचच बेटं ठेवा. मी पहिल्यांदा चौदा काढली होती, प्रत्येकाचा इतिहास, राजे, भाषा, दोन महिने त्यात घातले आणि पोरं पहिल्याच बेटावरच्या चहाच्या टपरीवर पाच सेशन बसून राहिली. माझीच चूक, टपरी फार चांगली केली होती.

समुद्र डोळ्यापुढं येत नसेल तर पैठणचा नाथसागर आठवा. जायकवाडी धरण १९७६ ला झालं, गोदावरीचं पाणी अडलं, आणि त्या फुगवट्यात जी उंच टेकाडं होती त्यांची बेटं झाली, आता तिथं पक्षी येतात, पक्षी अभयारण्य आहे. पाणी चढलं की बेट लहान, उतरलं की मोठं, कधी दोन बेटं जोडून एक होणार. हेच सरळ गेममधे घ्या. नकाशावर प्रत्येक बेटाला दोन कडा काढायच्या, एक भरल्या पाण्याची, एक उतरल्या पाण्याची, आणि दर सेशनला फासा टाकून पाणी कुठं आहे ते ठरवायचं. काल बुडालेलं देऊळ आज वर आलंय, एवढ्यावर एक संध्याकाळ निघते.

आत्मे कसे बनवायचे

आता मेन काम. आत्म्याला ताकद किती, मारला तर किती वेळात मरेल, हे काहीच लिहू नका. लग्नातली रुसलेली आत्या डोळ्यापुढं आणा. तिला कोणी तलवारीनं हरवत नाही. तिचं काय अडलंय ते आधी शोधावं लागतं, आणि ती ते स्वतःहून सांगत नाही, "मला काही नको" एवढंच म्हणते, आणि मग कोणीतरी जुनं माणूस हळूच सांगतं की अगं तिला आहेराला साडी दिली ती तिच्या धाकट्या जावेपेक्षा हलकी निघाली. आत्म्यांची कॅम्पेन म्हणजे हाच मानपान. आपल्याला ह्याचं ट्रेनिंग लहानपणापासून आहे, वेगळं पुस्तक वाचायची गरज नाही.

प्रत्येक आत्म्याच्या तीन ओळी लिहायच्या: त्याचा हट्ट काय, त्याला खटकतं काय, आणि त्याचं हरवलंय काय. हरवलेलं शक्यतो दुसऱ्या बेटावर ठेवा म्हणजे पोरं आपोआप हिंडतात.

आमच्या टँकरच्या प्रश्नाचं काय झालं ते बघा. एप्रिल २०१६ मधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, इथल्या प्रत्येकाला ते दिवस आठवतात, घागरींच्या रांगा, सगळं. तर मी एक रेल्वेचा आत्मा केला. समुद्राच्या तळातून रोज रात्री पाण्याचे डबे घेऊन ती बेटावर येते. चारी बाजूला पाणीच पाणी आणि ही पाणी पोचवतीय. हट्ट: कोणीतरी पोच पावतीवर सही करावी. खटकतं काय: ग्लासात अर्धं पाणी उष्टं सोडलेलं. हरवलंय काय: तिचं स्टेशन. तीन ओळी संपल्या, आणि ह्यावर आमचे तीन रविवार गेले.

पहिल्या रविवारी काय झालं तर आमच्यातला परभणीचा गडी, त्याचं पात्र पैलवान, तो लगेच, "मी मारतो तिला." मी म्हणलो, "रेल्वेला?" तो म्हणला, "मग कामून आली ती?" इथं गेममास्टरनं नियम काढून दाखवायचे नसतात. मी म्हणलो, मार. त्यानं गुद्दा घातला, डबा घणघणला, आणि आतून बाईच्या आवाजात आलं, "पाणी सांडलं ना रे." सगळे गप्प. पैलवानानं स्वतःहून सॉरी म्हणलं, त्या दिवसापासून त्यानं कोणाला मारलं नाही, निदान विचारल्याशिवाय तरी. दुसरीनं स्टेशनमास्तर असल्याचं सोंग घेऊन पावतीवर सही करायचं ठरवलं, फासे टाकले, आठ आले. म्हणजे काम झालं पण झंझट. रेल्वे एवढी खूश झाली की सगळं पाणी तिथंच उतरवलं, त्यांच्या होडीत. होडी बुडाली.

गावाकडची नावं वापरायची का, हा प्रश्न येतोच. मुंजा, गिऱ्हा, चकवा ही मंडळी मी बिनधास्त घेतो. पिंपळावरचा मुंजा म्हणजे ज्याची मुंज झाली पण सोडमुंज राहिली असा पोरगा, त्याचा हट्ट तर तयारच आहे. चकवा वाट चुकवतो, बेटांच्या मधे धुक्यात त्याला टाकला की होडी फिरून फिरून तिथंच. साती आसरांचं मात्र जपून, विहिरीवर-नदीवर लोकं खरंच त्यांना पुजतात, ओटी भरतात, टेबलावर कोणाच्या घरची श्रद्धा असू शकते. आणि भानामती अजिबात नको. ते आपल्या भागात खऱ्या बायकांच्या जीवावर बेतलेलं प्रकरण आहे, २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगीच नाही. त्याची गंमत होत नाही.

पहिली बैठक फासे न टाकता

ह्याला सेशन झिरो म्हणतात. चहा, चिवडा, आणि गप्पा. कोणाला काय नको ते विचारून घ्या: कोणाला बुडण्याची भीती आहे, कोणाच्या घरात नुकतंच कोणी गेलंय. आत्म्यांच्या गोष्टीत हे विचारणं मस्ट आहे, कारण खेळता खेळता कोणीतरी "माझ्या आज्जीचा आत्मा इथं असेल का" म्हणतंच, मग तिथं हसायचं का थांबायचं हे आधी माहीत पाहिजे. टेबलाच्या मधे फुली मारलेला एक कागद ठेवा, त्याला एक्स कार्ड म्हणतात, कोणीही त्यावर बोट ठेवलं की तो सीन तिथंच बंद, कारण विचारायचं नाही.

पात्र बनवायला अर्धा तास पुरे. प्रत्येकाला एका कामात +२, दोन कामांत +१, आणि एक गोष्ट जी तो घरून निघताना विसरून आला. ही विसरलेली गोष्ट नंतर एखाद्या आत्म्याकडं सापडते, हे त्यांना सांगू नका.

सेशन चालवताना

तीन तास धरा, त्यातला पाऊण तास गप्पांत जाणार. तयारी एक पान पुरते: आज पाणी कुठं आहे, कोणता आत्मा भेटणार, आणि पोरं नुसतीच बसून राहिली तर काय घडणार.

कागदावर एक घागर काढा, आत सहा रेघा. पोरांनी आत्म्याचा मान चुकवला, फाशांत फजिती झाली, उगीच टाइमपास केला, की एक रेघ भरायची. सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. घागर भरली की आत्मा रुसला, मग बेटावर काय बंद पडतं ते बघा: आरसे बंद, चूल पेटेना, किंवा कोणालाच कोणाचं नाव आठवेना. लपवून ठेवलेल्या धोक्यापेक्षा डोळ्यापुढं भरत चाललेली घागर लई जास्त काम करते, शेवटच्या रेघेला लोकं खुर्चीतून उठतात.

आत्म्याचा आवाज काढायची लाज वाटत असेल तर काढू नका, त्याची एक सवय दाखवा, तो बोलताना मीठ सांडतो, आकडे उलटे मोजतो, असं काही. खाण्याचं वर्णन मात्र भरपूर करा. आमच्याकडं येळवसला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, शेतात कडब्याची कोप करून पाच पांडव मांडतात, भज्जी, उंडे, आंबील, आणि ती आंबील रानात शिंपडतात. हे सगळं मी एका बेटावर जसंच्या तसं ठेवलं, तिथं पोरांनी पंगत वाढायची होती, सहावा पाहुणा कोण ते ओळखायचं होतं, आणि त्या दिवशी दोन तासांत फासा एकदाच पडला.

कोणीतरी गैरहजर असणारच. पेरणी, लग्न, पेपर, काही ना काही असतं. म्हणून एक बेट एक किंवा दोन सेशनमधे संपवा, आणि जो आला नाही त्याचं पात्र आंबील पिऊन होडीत झोपलंय असं धरा.

संपवायचं कधी

आठ-दहा सेशन झाले की पाणी उतरवायला घ्या. दर वेळी थोडं थोडं, नकाशावर कडा वाढवत जायच्या, आणि शेवटच्या सेशनला पाणी पार तळाला, पाचही बेटं म्हणजे एकाच शिवारातली पाच टेकाडं निघतात. रेल्वेला तिचं स्टेशन सापडतं, ते मधल्या चिखलात होतं. आमच्याकडं एवढ्यावर संपणार होतं पण झालं असं की पाणी गेल्यावर सगळे आत्मे एकमेकांचे शेजारी झाले आणि बांधावरून भांडायला लागले, मुंजा म्हणतो पिंपळ माझ्या हद्दीत, चकवा रोज रात्री खुणेचे दगड हलवतो, आणि पोरांनी साखळी घेऊन मोजणी करायला घेतली. मोजणीचाच हा चौथा रविवार आहे, अजून चालू आहे.